फुलाचा कांदा पोटाला आला



ट्युलिपची फुले आपल्यापैकी पुष्कळांनी ‘सिलसिला’ (१९८१) चित्रपटात पाहिली असतील. हॉलंडमधले ते रंगीत ताटवे! हे झाड कांद्यापासून येते. आत पापुद्रे, वर तपकिरी टरफल, अगदी आपल्या कांद्यासारखे. लावतात शोभेसाठी, पण एका हिवाळ्यात त्याने माणसांच्या पोटाला आधार दिला.

दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते. सप्टेंबर १९४४ मध्ये तिथल्या रेल्वे कामगारांनी संप केला. सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागात जाणारे धान्य अडवले. त्यात कडाक्याची थंडी, कालवेही गोठले. शहरांतले रेशन माणशी दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेले. सुमारे २०,००० माणसे दगावली.

मग लोकांनी दोन वस्तू चुलीवर चढवल्या. एक शुगर बीट. आपण उसापासून साखर काढतो, तिकडे बीटापासून. दुसरी वस्तू ट्युलिपचे कांदे. युद्धामुळे विक्री थांबली होती, कांदे पडून होते आणि त्यांत पिष्टमय अंश भरपूर.

पण कांदा आणला अन् खाल्ला, असे नव्हते बरं का! टरफल काढायचे, कांदा उभा चिरायचा, मधला पिवळा कोंब टाकून द्यायचा, कारण तो बाधतो. मग उकडून कुस्करायचा, नाहीतर वाळवून पीठ करायचे. या कृती वर्तमानपत्रांतून छापून आल्या. त्याच देशात डॅफोडिलचेही कांदे पिकतात. दिसायला तसेच, पण विषारी. म्हणजे लोक नुसत्या कांद्यावर तगले नाहीत, माहितीवर तगले.

हे आम्ही का सांगतो? पावसाळ्यात आपल्या बांधावर, कुंपणावर कळलावी फुलते. लाल-पिवळी, ज्वाळेसारखी. तिचा कंद रताळ्यासारखा वाटतो, पण त्यात कोल्चिसीन हे जहाल विष असते. थोडा कंदही जीव घेऊ शकतो. मुलांना आणि ऊसतोडीला येणाऱ्या मंडळींना ही वेल दाखवून ठेवा. कुणी चुकून खाल्ल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नका. कंदाचा तुकडा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

आणि हो, दुकानातले ट्युलिपचे कांदेही खाऊ नयेत. त्यांना औषध लावलेले असू शकते. ओळख पटल्याशिवाय कुठलाही कंद चुलीवर चढवू नये, एवढे ध्यानात ठेवू या.