तिकीट काढण्याआधी

अरे, कंपनी जर्मनीला पाठवतेय, छान झालं. पण शिवाजीनगर कोर्टातली ती अपघाताची केस अजून बोर्डावर आहे. ‘मामा, जामीन झालाय ना’ एवढ्यावर भागत नाही. जामिनाच्या आदेशाची नक्कल काढ आणि अटी ओळ न ओळ वाच. ‘कोर्टाच्या परवानगीशिवाय भारत सोडणार नाही’ अशी ओळ बहुधा सापडेलच. ती मोडलीस तर जामीन रद्द होऊ शकतो, आणि जातमुचलक्याची झळ जामीन राहिलेल्या तुझ्या काकांनाही लागेल.

आता पासपोर्ट. तुझा संपत आलाय, म्हणून हे नीट ऐक. नुसता एफआयआर असेल, तपास चालू असेल, तर तेवढ्यावरून पासपोर्ट अडत नाही. पण तुझ्या केसमध्ये आरोपपत्र जाऊन कोर्टाने दखल घेतलीय. म्हणजे १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(फ) आडवं येतं. त्यातून वाट काढून देते ती २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना, जी कित्येक वकीलही वाचत नाहीत. कोर्टाने परदेशी जायची परवानगी दिली की पासपोर्ट मिळतो. किती मुदतीचा, हे कोर्टाच्या आदेशातल्या शब्दांवर ठरतं. आदेशात मुदतीचा उल्लेखच नसेल तर एका वर्षाचा. प्रवासाचे तीन महिने लिहिलेत, पण पासपोर्टची मुदत लिहिली नाही, तरी एकाच वर्षाचा. शेंगेनवाल्यांना तर परतीच्या तारखेपुढे तीन महिने वैध पासपोर्ट लागतो. मग त्या वर्षातलं हातात उरतं किती? म्हणून अर्जाच्या प्रार्थनेतच ‘पासपोर्ट अमुक वर्षांसाठी द्यावा’ ही वेगळी मागणी वकिलांना घालायला सांग. आदेश झाल्यावर ती दुरुस्ती करून घ्यायची म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.

पासपोर्टच्या फॉर्ममध्ये केसबद्दल विचारतात. तिथे एजंट म्हणेल, ‘नाही’वर टिक करा, काही होत नाही. ऐकू नकोस. माहिती लपवली तर कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एका केसच्या दोन होतील.

अर्ज मोघम नको. कंपनीचं पत्र, जायची-यायची तारीख, राहण्याचा पत्ता, फोन, सगळं जोड. सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, यायला वेळ लागतो, कधी तपास अधिकारीच रजेवर असतात. तेव्हा महिना-दीड महिना आधी अर्ज टाक. आई-वडील, घर, नोकरी इथेच आहे हे लिहायला लाजू नकोस. न्यायाधीशांना एवढंच बघायचं असतं की हा परत येणार का. मधल्या तारखांसाठी हजेरी माफीचा अर्जही सोबतच दे. तुझ्या गैरहजेरीत वकील काम चालवतील आणि ओळखीचा वाद घालणार नाहीस, असं लिहून दे.

लुकआउट सर्क्युलर निघालंय का, याची वकिलांकरवी आधी चौकशी करून घे; नाहीतर इमिग्रेशनच्या खिडकीवर कळतं, सामान आत गेल्यावर. आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनच्या नको.

तिकडे काम लांबलं तर मुदत संपायच्या आधी इथे वाढीचा अर्ज पडला पाहिजे. संपल्यावर नव्हे. आणि परत आलास की आदेशाप्रमाणे पासपोर्ट कोर्टात जमा कर, परतल्याची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल कर, आणि त्याची नोंद रोजनाम्यात आली का, हे स्वतः बघ.