तक्रारीचा कागद आणि निविदेचा कागद

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे जुन्या बिदर जिल्ह्यातील तालुके मुंबई राज्यात गेले. औराद, भालकीचा मुलूख आणि शेजारचा गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी जिल्हा, म्हैसूर राज्यात आला. सीमा बदलली, पण घरातील भाषा बदलली नाही. तेव्हा साहजिकच प्रश्न उभा राहतो : मराठी बोलणाऱ्या माणसावर अन्याय झाला, तर त्याने दाद कोणत्या भाषेत मागावी?

या प्रश्नाचे उत्तर संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदात आहे. संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे कोणत्याही अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. अर्ज केवळ मराठीत आहे म्हणून तो परत करता येत नाही. तरीही सोबत कानडी प्रत जोडावी, असे आम्ही सुचवू. कारण हक्क एक आणि कामाची गती दुसरी.

आता गाऱ्हाणे अस्पृश्यतेचे असेल तर काय होते, ते पाहू. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे दंडनीय ठरविले. त्या कायद्यास १९७६ मध्ये ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले व तडजोडीने खटला मिटविण्याची वाट बंद झाली. विहीर, खाणावळ, देऊळ यांची नावे आपणांस ठाऊक असतात. परंतु अस्पृश्यतेच्या कारणाने एखाद्यास धंदा, व्यापार किंवा नोकरी करू न देणे हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. शिवाय पीडित मनुष्य अनुसूचित जातीचा असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेमुळेच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करावयाचे असते.

अत्याचार अधिक गंभीर असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. त्याचे १९९५ चे नियम वाचनीय आहेत. फिर्याद तोंडी दिली तर ठाणे अंमलदाराने ती लिहून घ्यावी, फिर्यादीस वाचून दाखवावी, मग त्याची सही घ्यावी आणि एक प्रत विनामूल्य द्यावी. वाचून दाखविणे म्हणजे कळेल असे वाचणे, असे आम्ही समजतो. न कळणाऱ्या भाषेत ऐकलेल्या कागदावर सही करू नये. अंमलदाराने नोंद नाकारली, तर हकिगत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठविता येते. तपास उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याकडे नसतो, आणि तो साठ दिवसांत पुरा करून आरोपपत्र दाखल करावयाचे असते. सरकारी नोकराची कर्तव्ये २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यातच नमूद केली असून ती जाणूनबुजून टाळणाऱ्यासाठी शिक्षा आहे. कर्नाटकात नागरी हक्कांच्या अंमलबजावणीसाठी पोलिसांचे स्वतंत्र संचालनालयही आहे.

परंतु अपमान थांबला म्हणजे पोट भरते असे नाही. रस्ता, गटार, शाळेची खोली अशी सरकारी कामे मिळविण्यास अनामत रक्कम लागते, ओळख लागते, आणि पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन राहिलेल्या घराकडे दोन्ही नसतात. म्हणून कर्नाटकाने सार्वजनिक खरेदीच्या कायद्यात दुरुस्ती करून पन्नास लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींच्या कंत्राटदारांसाठी १७.१५ टक्के व जमातींच्या कंत्राटदारांसाठी ६.९५ टक्के कामे राखून ठेवली. २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटीपर्यंत वाढविण्यात आली. शंभर कामांपैकी सुमारे चोवीस कामे, असा हा हिशेब. निविदा येथेही भरावीच लागते. चढाओढ मात्र त्या त्या वर्गातील कंत्राटदारांतच होते. नाव एकाचे आणि यंत्रे, पैसा व नफा दुसऱ्याचा असे घडू लागले, तर या तरतुदीत काही अर्थ उरणार नाही, ही भीती आम्हांस वाटते.

निविदा स्वीकारण्याच्या निर्णयाने अन्याय झाला असे वाटल्यास निविदाकारास अपील करता येते. मुदत तीस दिवसांची असून ती आदेश हाती पडल्यापासून मोजतात. म्हणून आदेश घेताना त्यावरील तारीख तेथल्या तेथे टिपून ठेवावी.