परत आलेल्या मेलचा फटका

प्रश्न : चाळीसगावात आमचा केळी वेफर्सचा छोटा कारखाना आहे. पुण्या-मुंबईच्या घाऊक खरेदीदारांचे ३,००० ई-मेल पत्ते विकत घेतले आहेत. सगळ्यांना एकदम मेल पाठवावा म्हणतो. पत्ते चुकीचे असले तर मेल परत येतील, एवढंच ना?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही, नुकसान त्याहून मोठं होऊ शकतं. बरेच मेल परत आले, की ई-मेल सेवा तुमच्या डोमेनवरच संशय घेतात. मग जुन्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं कोटेशनही स्पॅममध्ये जाऊ शकतं. पण तुम्ही अजून मेल पाठवलेले नाहीत, म्हणजे वेळ हातात आहे.

आधी दुबार आणि टायपिंग चुकलेले पत्ते काढा. मग यादी पडताळणी सेवेतून तपासा. मेल न पाठवताच ही सेवा पत्ता चालू आहे का ते पाहते. काही कंपन्यांचे सर्व्हर कुठलाही पत्ता स्वीकारतात, तिथे निकाल संदिग्ध येतो. अशांना फोन करूनच खात्री करा.

मात्र पत्ता खरा असणं म्हणजे त्या माणसाची परवानगी असणं नव्हे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खालीच ठेवाव्यात, असा जीमेलचा २०२४ पासूनचा नियम आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमतीवर भर देतो. म्हणून विकतच्या यादीवर विसंबू नका. तुमचा माल खरंच घेतील असे शंभरेक व्यापारी निवडा, आधी फोनवर बोला, मग रोज थोडे थोडे मेल पाठवा. ‘मेल नको असल्यास कळवा’ ही सोय प्रत्येक मेलमध्ये ठेवा. मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आला आहे, हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या सोयी डोमेन देणाऱ्याकडून सुरू करून घ्या. धंदा ओळखीवर वाढतो. छोटी, खात्रीची यादीच तुम्हाला ऑर्डर मिळवून देईल.