आधी मे महिना बघ, मग घर बघ

नागपूर सोडायचं तुमच्या दोघांच्या मनात पक्कं झालंय, ते मला कळलं. पारा ४५च्या पुढे गेला की सासूबाईंचे काय हाल होतात हे तू सांगत होतीस, तेव्हा जीव तुटला गं माझा. बाराही महिने हवा बरी असेल असं गाव हवंय ना? जरूर शोध. फक्त इसार देण्याआधी थोडं माझं ऐक.

डिसेंबरात गाव बघून भाळू नकोस. डिसेंबरात आपल्याकडे सगळीच गावं छान वाटतात. आणि वर्षाच्या सरासरी तापमानावर तर मुळीच विसंबू नकोस. मुंबई आणि नागपूर, दोन्हीकडची सरासरी २७ अंशांच्या आसपासच आहे. पण एकीकडे घामाच्या धारा आणि दुसरीकडे उन्हाच्या झळा, हे त्या आकड्यात कुठे दिसतं? तू तीन गोष्टी विचार: मे महिन्यातली रात्र किती अंशांवर येते, जुलैत पावसाचे दिवस किती, आणि जानेवारीतली पहाट केवढी गार. हवामान खातं ३० वर्षांच्या नोंदींवरून गावोगावचे असे महिनावार आकडे काढतं. त्यात सकाळ-संध्याकाळची आर्द्रताही असते. दोघं मिळून एक संध्याकाळ त्यात घाला.

या तिन्हींत सगळ्यात आधी मेची रात्र बघ. दुपारचं ऊन दार लावून काढता येतं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही की म्हातारं माणूस चार दिवसांत गळून जातं. पुण्यात मेची दुपार ३८ची असली, तरी पहाटेपर्यंत पारा २२-२३वर येतो. नागपुरात तो २८च्या आसपासच अडकलेला असतो.

या फरकात थोडा वाटा उंचीचाही आहे. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. पुणे ५६०, बेळगाव ७५०, म्हैसूर ७७०, बंगळूर ९००च्या वर. पठारावरची ही गावं ना डोंगरमाथ्यासारखी थंड, ना मैदानासारखी तापणारी. तू याच पट्ट्यात शोध.

मग अजून वर का नाही जायचं, थेट महाबळेश्वरला? सासूबाईंना दमा आहे, म्हणून. तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, गाद्यांना कुबट वास येतो, भिंतींना बुरशी धरते. तिथून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथे पाऊस निम्म्याहूनही कमी. घाट उतरून वाईला आलीस की आणखी कमी. सह्याद्रीचा माथा ढगांना तिकडेच रिकामं करतो, म्हणून. तेव्हा नुसती उंची बघू नकोस, घाटमाथा किती जवळ आहे तेही बघ. बेळगावातही जुलैत संततधार असते, पण महाबळेश्वरसारखी कोंडून टाकणारी नाही.

बंगळूरबद्दल खूप ऐकलं असशील, आणि हवा खरंच गोड आहे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव येतो आणि सगळं निववून जातो. पण एप्रिल २०१६मध्ये तिथेही पारा ३९.२वर गेला होता, आणि २०२४च्या उन्हाळ्यात बोअर आटून सोसायट्यांना टँकरची वाट बघावी लागली. हवा चांगली असली की माणसं येतात, माणसं आली की झाडं आणि तळी जातात. म्हणून गावाच्या हवेबरोबर पाण्याचीही चौकशी कर: नळाला पाणी किती वेळ, मेमध्ये टँकर किती.

एकाच शहरातही फरक असतो. पुण्यात हिवाळ्यातली पहाट पाषाणला शिवाजीनगरपेक्षा गार असते. जिथे नुसतं सिमेंट, तिथे रात्रीही उकडतं. आणि शेवटी प्रश्न घराचाच. वरचा मजला स्वस्त मिळतो, पण तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत ऊब सोडत राहतो. सासूबाईंची खोली पश्चिमेला नको. समोरासमोर खिडक्या हव्यात, वारा आरपार जायला हवा. घर बघायला जाशील तेव्हा भिंतीतलं कपाट उघड आणि आत नाक घाल. वरच्या कोपऱ्यात रंगाचे पापुद्रे सुटलेत का, फिक्या पिवळ्या कडेचा डाग आहे का, बघ. ताजा रंग दिलेला असेल तर शेजाऱ्यांना विचार, पावसाळ्यात ओल येते का? शेजारी खरं सांगतात.

विकत घ्यायची घाई करू नका. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहा, आणि ते अकरा महिने मार्चपासून सुरू करा, म्हणजे ऊन, पाऊस, थंडी तिन्ही त्यात येतील. नागपूरचं घर तोवर विकू नका.

बाराही महिने सुखाची हवा तुला कुठेच मिळायची नाही. दोन महिने कुठेही सोसावे लागतातच. ते दोन महिने घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाला सोसतील का, एवढंच बघायचं. माझं विचारशील तर बेळगाव आधी बघ: मराठी बोलणं आहे, मोठी हॉस्पिटलं आहेत, घरं अजून आवाक्यात आहेत. नाहीतर पुण्याची पश्चिम बाजू. आणि जाताना सासूबाईंना बरोबर ने. दुपारी तीनला त्यांना त्या खोलीत तासभर बसू दे. त्या काय म्हणतात ते ऐकून मगच ठरव.