उगवण घटण्यामागील अदृश्य कारण : मातीतील अमोनिया

पेरणीनंतर ओळींत नांगे पडले की पहिला संशय वाळवी, हुमणी यांसारख्या किडींवर जातो आणि कीटकनाशकावर खर्च होतो. परंतु उकरून पाहिल्यावर बी अखंड असेल, मोडाचे टोक तपकिरी पडून करपले असेल आणि अळी किंवा पोखरल्याची खूण कोठेच नसेल, तर बियाण्यालगत पडलेल्या युरियाचा विचार करावा.

अमोनियाची निर्मिती

मातीतील युरिएज या विकरामुळे युरियाचे अमोनियम कार्बोनेटात रूपांतर होते आणि दाण्याभोवतीचा सामू तात्पुरता ९ च्या आसपास जाऊ शकतो. २५ अंश सेल्सिअस तापमानास अमोनियाचा वाटा सामू ७.२५ असताना सुमारे १ टक्का, तर ९.२५ असताना ५० टक्के असतो. हा वायू पेशीपटलातून सहज शिरून कोवळ्या मुळाला इजा करतो. रेताड, चुनखडीयुक्त व कमी ओलीच्या जमिनीत धोका अधिक असतो.

मोजणीची पद्धत

हेक्टरी १०० किलो युरिया २२.५ सें.मी. अंतराच्या ओळींत दिल्यास प्रतिमीटर सव्वादोन ग्रॅम पडतो. तो अडीच सें.मी. रुंद व तितक्याच जाड पट्ट्यात, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम मातीत एकवटतो.

१. शेतातील ओलसर माती दोन बरण्यांत प्रत्येकी २०० ग्रॅम घ्यावी. एकीत अर्धा ग्रॅम युरिया मिसळावा.
२. दोन्हींत मिश्र दर्शक घातलेल्या २ टक्के बोरिक आम्लाची वाटी ठेवून झाकण घट्ट लावावे.
३. सात दिवस रोज निरीक्षण करावे. गुलाबी द्रावण हिरवे झाल्यास अमोनिया सुटत आहे.
४. प्रयोगशाळेत ते ०.०२ नॉर्मल गंधकाम्लाने पुन्हा गुलाबी होईपर्यंत अनुमापित करावे. प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ०.३४ मिलिग्रॅम अमोनिया.
५. तशाच आणखी दोन बरण्यांत, वाटी न ठेवता, प्रत्येकी २५ बिया पेरून झाकण सैल ठेवावे व उगवणीची तुलना करावी.

उपाय

युरिया बियाण्यासोबत एकाच नळीतून पेरू नये. तो बियाण्याच्या बाजूला ५ सें.मी. व खाली ५ सें.मी. पडेल अशी यंत्राची जुळणी करावी किंवा उगवणीनंतर पुरेशा ओलीवर द्यावा. डीएपी युरियापेक्षा सौम्य असले, तरी त्यातूनही अमोनिया सुटतो. म्हणून बियाण्यालगत त्याची मात्रा मर्यादित ठेवावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी कीटकनाशकाची शिफारस करण्यापूर्वी किमान दहा ठिकाणी ओळ उकरून पाहावी. खताने करपलेला मोड कोणत्याही औषधाने सावरत नाही.