जुनी सेडान घेताना : आधी कागद, मग गाडी, शेवटी पैसे

होंडा सिटी, मारुती सियाझ, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हेंटो, स्कोडा रॅपिड. या मध्यम आकाराच्या सेडान गाड्या काही वर्षांनी एखाद्या नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळू लागतात. किंमत उतरली तरी सुटे भाग, टायर आणि दुरुस्ती यांचा खर्च उतरत नाही. म्हणून ज्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत त्या आपण आधी कराव्यात, मेकॅनिकची फी नंतर द्यावी आणि टोकन सर्वांत शेवटी.

१. गाडी पाहायला जाण्यापूर्वी नंबर मागून घ्यावा. एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहन संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा आणि पीयूसीची मुदत ही माहिती मिळते. थकीत ई-चलानही तपासावे. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडी परराज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्रात वाहनकर नव्याने भरावा लागतो. दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त गाड्यांची किंमत हा कर मिळवूनच मोजावी.

२. सर्व्हिसची नोंद मागावी. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दर भेटीच्या किलोमीटरची नोंद असते. ती ओडोमीटरशी पडताळून पाहावी. आकडा कमी, पण क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची सीट झिजलेली असेल, तर मीटर मागे फिरवल्याची शक्यता धरावी. त्याच वेळी चॅसिस नंबर देऊन काही रिकॉल, म्हणजे कंपनीने फुकट दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावणे, बाकी आहे का हे विचारावे. टाकाटा बनावटीच्या एअरबॅगमुळे होंडा सिटीच्या काही जुन्या तुकड्या अशा बोलावल्या गेल्या होत्या. हा जिवाशी निगडित प्रश्न आहे. तो सोडू नये.

३. गाडी पुरात होती का, हे पाहावे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला असंख्य वाहने पाण्याखाली गेली. मुंबईत तर दर पावसाळ्यात ही भीती असते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचा डाग आहे का ते बघावे. सीटखालचे रूळ, स्टेपनीची जागा आणि फ्यूज बॉक्स यांवर गंज किंवा माती दिसली, तर गाडी तिथेच नाकारावी. पाणी गेलेली वायरिंग काही महिन्यांनी त्रास देऊ लागते आणि मग दोष सापडता सापडत नाही.

४. इंजिन थंड असतानाच चालू करून पाहावे. विक्रेत्याला तशी आधी सूचना द्यावी आणि पोहोचताच बॉनेटला हात लावून खात्री करावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरत असण्याची शक्यता. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल, तरीही तोच संशय घ्यावा. टायमिंग बेल्ट आहे की चेन, हेही विचारावे. सिटीच्या १.५ लिटर पेट्रोल इंजिनात चेन आहे, व्हेंटो-रॅपिडच्या १.५ टीडीआय डिझेलमध्ये बेल्ट आहे. बेल्ट ठरलेल्या अंतरावर बदललाच पाहिजे, कारण तो तुटला तर इंजिनचे मोठे नुकसान होते. बदलल्याचे बिल नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करावा.

५. गिअरबॉक्स हा सर्वांत महागडा धोका आहे. मॅन्युअल गाडीत चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून पाहावा. इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच संपत आला आहे. सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणारा स्वयंचलित गिअरबॉक्स असेल, तर ऑइल वेळेवर बदलल्याची नोंद पाहावी आणि कमी वेगात थरथर जाणवते का ते तपासावे. व्हेंटो-रॅपिडच्या सात गिअरच्या डीएसजी या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारे इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक युनिट, बिघडल्याच्या तक्रारी सर्वज्ञात आहेत. रहदारीत झटके बसत असतील, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

६. खराब रस्त्यावरून हळू चालवून सस्पेन्शन ऐकावे. सेडानची उंची कमी असल्याने आपल्याकडच्या गतिरोधकांचा मार तिच्या पोटाला बसतो. पुढून येणारी खडखड बहुधा लिंक रॉड किंवा लोअर आर्मच्या बुशची असते आणि हा खर्च आटोक्यातला असतो. स्टिअरिंग रॅकचा खर्च मात्र मोठा. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांचे असतील, तर नवा संच हिशेबात धरावा.

७. एसी दुपारच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटे चालवावा. नुकताच गॅस भरून कूलिंग कॉइलची गळती लपवली जाऊ शकते, म्हणून शेवटच्या एसी दुरुस्तीचे बिल मागावे.

८. एवढ्या कसोट्यांना उतरलेली गाडीच आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे न्यावी. लिफ्टवर घेऊन खालची बाजू बघावी आणि स्कॅनर लावून साठवलेले एरर कोड वाचावेत. डिझेल असेल, तर टर्बो आणि इंजेक्टर तपासायला सांगावे. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टरही असतो. फक्त शहरात थोडे थोडे चालवल्याने तो तुंबतो. आपले फिरणे शहरापुरतेच असेल, तर पेट्रोल गाडीच निवडावी.

९. आता वर्षाचा खर्च मांडावा. वर्षाला १२,००० किलोमीटर, लिटरला १४ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर इंधनालाच सुमारे ९०,००० रुपये लागतात. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा हप्ता १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहे, जीएसटी वेगळा. म्हणजे १.५ लिटरच्या सिटीपेक्षा १.६ लिटरच्या जुन्या व्हर्नाचा हा हप्ता दुपटीहून अधिक पडतो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसवली आहे का तेही पाहावे. २०१४ ची गाडी घेत असाल, तर २०२९ मध्ये नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच. याशिवाय खरेदी किमतीच्या किमान दहा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. पाच लाखांच्या गाडीला पन्नास हजार.

१०. सापडलेल्या प्रत्येक दोषाचा दुरुस्तीखर्च लिहून काढावा, ती यादी दाखवून तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगावी आणि सौदा ठरल्यावरच टोकन द्यावे. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन आरटीओकडील अर्ज ३० दिवसांत आणि विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत करावा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो विक्रेत्याकडेच राहतो. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून आपला नवा घ्यावा.

थंड इंजिन दाखवायला, सर्व्हिसची नोंद द्यायला किंवा गाडी लिफ्टवर घेऊ द्यायला विक्रेता तयार नसेल, तर आपण तिथेच थांबावे. अशा सेडान बाजारात भरपूर आहेत. तपासणी टाळणाऱ्याची गाडी घेण्याचे काहीही कारण नाही.