जुलाबात पाणी बंद नको, पाणी सुरू ठेवा!



पावसाळा लागला की आपल्या परळ-लालबागच्या चाळींत एक सल्ला हमखास ऐकू येतो, "बाळाला जुलाब होतायत ना, मग पाणी देऊ नका, अजून पातळ होईल." हा सल्ला घातक आहे. जुलाबात मूल दगावतं ते बहुतेक वेळा शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइन अपुरं पडू लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. कारण साधं आहे. जुलाबातही आतडं साखर शोषून घेतं, साखरेसोबत मीठ आत जातं आणि त्यामागून पाणी.

घरी काय करावे?

१. ओआरएसची पूर्ण पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.
२. दर जुलाबानंतर २ वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप द्या. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्याने पाजा.
३. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको.
४. अंगावरचं दूध चालूच ठेवा. वरचं खाणाऱ्याला पेज, मऊ खिचडी, केळं द्या. उपाशी ठेवू नका.
५. डॉक्टरांना विचारून झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी.
६. जुलाब बंद करणारी गोळी मनाने देऊ नका. शीतपेय, डब्यातला रस म्हणजे ओआरएस नव्हे.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळूहळू खाली बसते, शौचात रक्त आहे, मूल मलूल झालंय किंवा काही पीतच नाही? मग रात्र असो वा सुट्टी, वाट पाहू नका. थेट परळचं वाडिया बाल रुग्णालय किंवा जवळचं महापालिकेचं रुग्णालय गाठा. ६ महिन्यांखालच्या बाळाला तर पहिल्याच दिवशी दाखवा.

रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते, ती चुकवू नका. आणि शिक्षकहो, डबा खाण्याआधी साबणाने हात धुणं रोजच्या परिपाठाइतकंच पक्कं करा. वर्गात एकदा ओआरएस बनवून दाखवा. मुलं ते घरी जाऊन आजीला नक्की सांगतील!